डॉक्टरांनी विचारलं, वायरिंग कशावर केलंत?

छातीची तपासणी करून घ्यायचं ठरलं ते अण्णांमुळे. नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून बाहेर पडलो, तेव्हा त्यांच्याच हाताखाली लागलो होतो. सातपूर, अंबड, पुढे सिन्नर, गोंदे. जिथे नवी शेड उभी राहील तिथे आमचे पाईप आणि केबल. अण्णांनी काम थांबवलं आणि काही वर्षांत त्यांना दम लागायला लागला. पहिल्यांदा दमा म्हणून पंप दिला. मग टीबीची शंका निघाली, थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायचं, कोरडा खोकला हटत नव्हता. शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावला आणि रिपोर्ट बघून विचारलं, "तुम्ही ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात होतात का?"

अण्णा म्हणाले, "नाही साहेब. मी जन्मभर वायरिंग केलं."

"वायरिंग कशावर केलंत?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. विडी ओढता का, घरात कुणाला टीबी होता का, एवढंच विचारलं जायचं. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात 'इलेक्ट्रिशियन' लिहिलं की विषय संपायचा. वीजवाल्याला धोका शॉकचा आणि उंचीवरून पडण्याचा. धूळ म्हटलं की दगडखाण, असंच डॉक्टरही धरून चालतात. अण्णांच्या दोन्ही फुफ्फुसांच्या तळाकडचा भाग घट्ट झाला होता आणि बाहेरच्या आवरणावर चट्टे होते. निदान झालं ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉस या धागेदार खनिजाची धूळ छातीत जाऊन फुफ्फुस घट्ट होण्याचा आजार. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तुमच्याबरोबर ज्यांनी कामं केली त्यांना पाठवा, त्रास नसला तरी पाठवा.

मला त्रास काहीच नव्हता. तरी गेलो.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढलाच नाही. एक कोरा कागद दिला आणि म्हणाले, घरी बसून यावर कामाचा इतिहास लिहून आणा. आयटीआय सुटल्यापासून कुठल्या साली कुठं काम केलं, नेमकं काय केलं, धूळ उडायची का, तोंडाला काय बांधायचात, हे सगळं. इतर कुठल्याही तपासणीपेक्षा या कागदाला जास्त वेळ लागला. जुन्या मेजरमेंटच्या वह्या माळ्यावरून काढल्या, ठेकेदाराच्या बिलांच्या झेरॉक्स शोधल्या. लिहीत गेलो तसं एकेक काम डोळ्यांपुढे येत गेलं.

सगळ्यात जास्त भरणा छताचा. एमआयडीसीतल्या जुन्या शेडवर सिमेंटचा पत्रा असतो. त्यात सिमेंटबरोबर साधारण आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉसचे धागे असतात, पांढरा म्हणजे क्रायसोटाइल. दोन पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या मधे पाईप लोंबू नये म्हणून आम्ही थेट पत्र्यालाच होल मारून पाईप धरणारी सॅडल आवळायचो. शिडीवर उभं राहून डोक्यावर ड्रिल धरलं की बिटाबरोबर येणारी पांढरी भुकटी सरळ डोळ्यांत, नाकात, कॉलरमध्ये. भिंतीच्या पत्र्यात एक्झॉस्ट फॅन बसवायचा तर गोल खिडकी कटर मशिननं कापायची. ते त्याहून वाईट. मिनिटभरात समोरचा हेल्पर दिसेनासा व्हायचा. तोंडाला रुमाल, तोही घामानं भिजलेला. ॲस्बेस्टॉसचा जो धागा फुफ्फुसात खोल जातो तो तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. रुमालातून तो आरपार जातो, आणि दिसणारी धूळ खाली बसल्यावरही तासन्‌तास हवेत तरंगत राहतो.

दुसरा भाग जुन्या स्विचगिअरचा, म्हणजे फ्यूज, ब्रेकर वगैरेंचा. चिनी मातीच्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तार जिथून जाते तिथे पांढरी मऊ पट्टी असायची. ठिणगी पसरू नये म्हणून ठेवलेलं ते ॲस्बेस्टॉस. जुन्या एअर सर्किट ब्रेकरच्या आणि मोठ्या कॉन्टॅक्टरच्या आर्क शूटमध्ये, म्हणजे ठिणगी विझवणाऱ्या खोक्यातही तेच. वर्षाच्या शटडाऊनला पॅनेल उघडून आम्ही काय करायचो? ब्लोअर लावायचो. आतली सगळी धूळ बंद खोलीत उडवून तिथेच उभे राहायचो, कारण पॅनेल साफ करायची तीच पद्धत होती आणि अनेक ठिकाणी आजही तीच आहे. भट्टी आणि ओव्हनच्या हीटरचं वायरिंग वेगळंच. तिथे तारेवर चढवायला ॲस्बेस्टॉसची स्लीव्ह, दाराला दोरी, मागं मिलबोर्डाचा म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या पुठ्ठ्याचा तुकडा. तो कात्रीनं कापायचा आणि कडा हातानं चोळून सारख्या करायच्या. हल्ली तिथे काचेच्या किंवा सिरॅमिक धाग्याचा माल येतो, पण दुरुस्तीला गेलो की जुना निघतोच.

आणि एक, जे मला लिहिताना सुचलंच नव्हतं. कागद भरताना बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "पत्र्याच्या कामावरनं आलात की तुमची कापडं मी आधी मोरीत झटकायची, मग भिजवायची. पाणी पांढरं व्हायचं." मी तेही लिहिलं. डॉक्टरांनी ती ओळ वाचून खाली रेघ मारली आणि म्हणाले, पुढच्या वेळी यांनाही घेऊन या. घरच्या बाईला फक्त कपडे धुऊन हा आजार झाल्याचे दाखले जगभर आहेत. तिचा एक्स-रे स्वच्छ आला. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत मला माझ्या छातीची काळजी वाटलीच नव्हती, तिचीच वाटत होती.

मग माझी तपासणी सुरू झाली. आधी नखं बघितली. टोकं फुगलेली, गोल झालेली आहेत का ते. मग पाठीवर, बरगड्यांच्या अगदी खालच्या भागात स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला लावला. अण्णांच्या पाठीत तिथे श्वास आत घेताना शेवटी शेवटी बारीक चरचर ऐकू येते. माझ्या पाठीत नव्हती.

पीएफटी म्हणजे फुफ्फुसाची फुंक मोजण्याची तपासणी. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "काका, पूर्ण आत घ्या... अजून... अजून... आता जोरात फुंका!" आणि मग ती थांबेचना : "फुंका फुंका फुंका फुंका, सोडू नका, संपलं वाटलं तरी फुंका!" फुंकणीनं ओली लाकडं पेटवावीत तसा मी फुंकत होतो, डोळ्यांपुढे काजवे. सहा सेकंद किती लांब असतात ते तिथे कळतं. एका फुंकेवर भागत नाही. तीन तरी चांगल्या आणि एकमेकींशी जुळणाऱ्या लागतात, नाहीतर आकडा धरत नाहीत. माझी एक फुंक मधेच खोकल्यामुळे बाद झाली.

डॉक्टरांनी स्क्रीनवरची रेघ दाखवून समजावलं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली तो एक आकडा, एकूण किती पडली तो दुसरा. दम्यात नळ्या आवळलेल्या असतात, म्हणून पहिल्या सेकंदाचा आकडा पडतो. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुफ्फुसच घट्ट होऊन त्यात हवा कमी मावते, म्हणून एकूण आकडा पडतो आणि दोघांचं प्रमाण मात्र ठीक दिसतं. अण्णांना वर्षानुवर्षं पंपानं गुण का आला नाही, ते मला त्या रेघेवरून कळलं. हीच साधी तपासणी सुरुवातीला झाली असती तर निदान चुकीच्या औषधाचे पैसे वाचले असते. आजार बरा झाला असता असं नाही. घट्ट झालेलं फुफ्फुस परत मऊ करणारं औषध नाही.

त्यानंतर एक वेगळा वायू ओढून दहा सेकंद श्वास रोखून धरायचा असतो. त्यात किंचितसा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि हवेतलं किती रक्तात उतरतं ते त्यावरून कळतं. तेही झालं. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला, छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ पुसट काहीतरी दिसलं म्हणून एचआरसीटी, म्हणजे जास्त बारकाईनं बघणारा सीटी स्कॅन करायला सांगितला. तिथे मला पालथं झोपवलं. उताणं झोपलं की फुफ्फुसाच्या मागच्या तळाशी स्वतःच्याच वजनानं सावली पडते आणि नेमका आजारही तिथेच सुरू होतो. पालथं झोपून ती सावली गेली तर काळजी नाही, राहिली तर आहे. माझी गेली.

राहिला तो चट्टा. फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणावर, पडद्याच्या बाजूला, चुना साठलेला एक चट्टा आणि डावीकडे एक पातळ. इंग्रजी रिपोर्टात त्याला प्लूरल प्लाक म्हटलंय. डॉक्टर म्हणाले, "याचा तुम्हाला त्रास होणार नाही. यावर औषध नाही आणि लागतही नाही. याचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण धागे आत पोचले होते एवढं यावरून नक्की झालं. ज्याच्या अंगात धागे पोचलेत त्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा आणि मेसोथेलिओमाचा धोका इतरांपेक्षा जास्त." मेसोथेलिओमा म्हणजे त्या आवरणाचाच कॅन्सर. पहिल्या धुळीपासून तो दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. म्हणजे आज अंबडला शिडीवर चढलेला विशीतला पोरगा कामातून मोकळा होईल तेव्हा कुठे त्याचा हिशेब समोर येईल.

मी घाबरून विचारलं, मग आता काय करायचं? उत्तर छोटं होतं. धूळ बंद. विडी-सिगारेट असेल तर आजपासून बंद, कारण धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. वर्षातून एकदा फुंक मोजायची. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायची. माझ्याबरोबर आलेला हेल्पर विडी ओढतो. तो बाहेर पडल्यावर बराच वेळ काही बोलला नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर लोक उगाच घाबरतील. डोक्यावर सिमेंटचा पत्रा आहे म्हणून आजार होतो, असं नाही. पत्रा धड आहे, त्याला कुणी हात लावत नाही, तोवर धागे सिमेंटमध्ये बांधलेले असतात. कापला, होल मारलं, फोडला, घासला की सुटतात. तीसेक पावसाळे खाऊन वरचं सिमेंट झिजलेल्या काळ्या पत्र्यातून जास्त सुटतात. ब्रिटनमध्ये सुतार, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्यात मेसोथेलिओमाचं प्रमाण जास्त आढळलं, पण तिथे तपकिरी ॲस्बेस्टॉसचे मऊ बोर्डही भरपूर वापरले गेले होते. ते आपल्या पत्र्यापेक्षा फार घातक. म्हणून तिथला आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. पण पांढरं ॲस्बेस्टॉस निर्धोक आहे असं जे व्यापारी सांगतात, तेही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्याच प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला कॅन्सरकारक ठरवलंय. पन्नासहून जास्त देशांनी ते बंद केलं, अमेरिकेनंही मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइलवर बंदीचा नियम काढला. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, पण माल बाहेरून येतो आणि पत्रा बनतो.

कागदपत्रांचा भाग मला तपासणीपेक्षा जड गेला. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या आणि ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसिस नावानिशी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवा. चांगला निकाल आहे. पण आम्ही पत्रा बनवत नाही, बनलेल्या पत्र्याला होल मारतो. आमचं नाव कुठल्या रजिस्टरला असणार? ठेकेदार बदलत गेला, साइट बदलत गेल्या. महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला ईएसआय लागू आहे, पण रोजंदारीवरच्या वायरमनचा हप्ता ठेकेदारानं भरला तर भरला. अण्णांचं नशीब एवढंच की मधली काही वर्षं त्यांचा हप्ता कापला गेला होता आणि त्या पावत्या काकूंनी देवघराच्या कपाटात जपून ठेवल्या होत्या. त्या पावत्या, सीटीचा रिपोर्ट आणि कामाचा इतिहास जोडून अर्ज केला. असे आजार ईएसआयचं विशेष वैद्यकीय मंडळ तपासतं. अर्ज पहिल्यांदा नेला तेव्हा खिडकीवर सांगितलं गेलं, "इलेक्ट्रिशियनला हा आजार होत नाही." आम्ही इतिहासाचा कागद पुढे केला. खिडकीवरच्या माणसानं तो उभ्या उभ्या वाचला आणि अर्ज घेतला. डॉक्टरांनी तो कागद आधी का मागितला होता, ते तेव्हा समजलं.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात माझी नोंदणी आहे, वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर. तिच्या अर्जात धुळीबद्दल एक रकाना असता तर माझ्यासारख्या हजारोंचा इतिहास आपोआप तयार झाला असता. मी हे मंडळाच्या शिबिरात बोललोही. लिहून द्या म्हणाले, लिहून दिलंय.

आता काम कसं करतो ते सांगतो. तपासणीनंतरचं पहिलं मोठं काम अंबडला मिळालं : जुन्या शेडमध्ये एलईडीचे हायबे म्हणजे उंच छताचे दिवे आणि नवी केबल. मालकांना आधीच सांगितलं की पत्र्याला एकही होल मारणार नाही, सगळं पर्लिनला आणि ट्रसला क्लॅम्प लावून अडकवणार. क्लॅम्पचा खर्च वाढतो. ते म्हणाले, "अहो, माझ्या वडिलांच्या काळापासून हा पत्रा आहे, कुणाला काही झालं नाही." मी रिपोर्टाची झेरॉक्स खिशातून काढून दाखवली. वाद घातला नाही. त्यांनी वाढीव बिल मान्य केलं, आणि खालच्या कामगारांना त्या दिवसांत दुसऱ्या गाळ्यात हलवलं, जे मी मागितलंही नव्हतं.

जिथे होल टाळताच येत नाही तिथे हळू फिरणारं ड्रिल, त्याचा हॅमर म्हणजे ठोका बंद. होलाच्या जागेवर दाढीच्या फेसाचा जाड थर द्यायचा. भुकटी त्यातच अडकते. मग ओल्या फडक्यानं पुसायचं, फडकं ओलं असतानाच पिशवीत, पिशवीवर दुसरी पिशवी. झाडू नाही, ब्लोअर नाही, घरातला व्हॅक्यूम तर मुळीच नाही. तोंडाला पी-१०० फिल्टरचा रबरी हाफ मास्क. कोविडमधले एन-९५ या कामाला पुरत नाहीत. मास्क दाढीवर नीट बसत नाही, म्हणून हेल्परला दाढी काढायला लावली. तो नाराज झाला. कपडे साइटवरच बदलायचे, अंगावरचे कपडे घरी न्यायचे नाहीत. पॅनेल उघडलं की आधी बघायचं आत पांढरी पट्टी आहे का. पत्रा कोणता ते कळत नसेल तर त्यावरचा शिक्का शोधायचा, आयएस ४५९ असेल तर तो ॲस्बेस्टॉसचाच.

हे सगळं सांगायची घाई मला आत्ता आहे ती सोलरमुळे. नाशिकच्या जुन्या शेडवर सध्या धडाधड पॅनेल चढतायत. चढवणारी पोरं पंचविशीच्या आतली, पत्र्यावर चालत जाऊन पॅनेलचा सांगाडा अडकवायच्या जे-हूकसाठी ओळीनं होल मारत सुटतात. पत्रा ठिसूळ, पाय आत गेला तर सरळ वीस फूट खाली. तो धोका त्यांना माहीत असतो, कमरेला पट्टा असतो. तोंडाला काही नसतं. आणि काढलेले फुटके पत्रे टेम्पोत घालून कुणी गोठ्याला नेतं, कुणी कांद्याच्या चाळीला. हा घातक कचरा आहे, तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून रांजणगावसारख्या अधिकृत ठिकाणी जायला हवा. फुकट मिळालेला पत्रा कुणी रांजणगावला पाठवत नाही. मालकानं बिलातच ती रक्कम धरली तरच तो जाईल, म्हणून मी आता कोटेशनमध्ये ती ओळ वेगळी टाकतो.

अण्णांचा अर्ज अजून ईएसआयच्या वैद्यकीय मंडळापुढे आहे. मी इतिहासाच्या कागदाचा कोरा नमुना टाईप करून घेतलाय : साल, जागा, काम, कशाला होल मारलं, तोंडाला काय होतं, कपडे कुणी धुतले. सातपूर, अंबडच्या ओळखीच्या वायरमनांना आणि सोलरच्या पोरांना तो देतो. कुणाला हवा असेल तर एवढे सहा रकाने वहीत आखले तरी चालतील. भरून झाला की सही करा, तारीख घाला, आणि छातीच्या डॉक्टरकडे जाताना एक्स-रेच्या आधी तो पुढे करा.